पन्नीला गिऱ्हाईक नाही

पुतणी : काकाजी, आपल्या केशोरी गावातली माणसं शिकलेली आहेत. तरी कचरा नालीतच का जातो?

काकाजी : शिक्षणाशी त्याचा संबंध थोडाच. आपला धानाचा मुलूख. शेण, राख, भाजीची देठं, सडलेलं तणीस सारं उकिरड्यात जायचं आणि उन्हाळ्यात बांधीत खत म्हणून पडायचं. घराबाहेर टाकलेलं मातीत जिरायचं. ती सवय अजून आहे. आता कचऱ्यात शाम्पूच्या पुड्या, डायपर आणि प्लास्टिकच्या पन्न्या आल्या.

पुतणी : मग पन्नी वेगळी ठेवायला काय हरकत?

काकाजी : ठेवून द्यायची कुणाला? भंगारवाला लोखंड, पुठ्ठा, बाटल्या घेतो. पन्नीचं पोतं गच्च भरलं तरी काट्यावर वजन भरत नाही, म्हणून तो हात लावत नाही. मग ती चूल पेटवायला लागते, नाहीतर नालीत जाते.

पुतणी : पण कायदा आहे ना?

काकाजी : आहे की. कचरा वेगळा करा, उघड्यावर जाळू नका, हे 2016 च्या नियमांत आलं. 2018 साली राज्यानं प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पण गिऱ्हाईक मागतं आणि दुकानदार देतो.

पुतणी : घंटागाडी आणली की झालं!

काकाजी : गाडी घेणं सोपं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 60 रुपयांपर्यंत देण्याची तरतूद झाली. पण डिझेल आणि चालकाचा पगार दर महिन्याला लागतो. करवसुली रखडली की गाडी उभी. दोनदा गाडी चुकली की तिसऱ्यांदा कुणी वाट पाहत नाही. बाईला रोवणीला निघायचं असतं. मग कचऱ्याची बादली जवळच्या खड्ड्यात रिकामी होते.

पुतणी : पुण्यात कसं चालतं?

काकाजी : तिथे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. वेचक दारी येते, घरटी शुल्क घेते, भंगाराचे पैसेही तिचेच. खाडा केला तर तिचंच नुकसान.

पुतणी : आपल्याकडे सुरुवात कुठून करायची?

काकाजी : ओला कचरा उकिरड्यावरच राहू दे. जनावरं विकून उकिरडा मोडलेल्यांनी शेजाऱ्याबरोबर एक खड्डा करावा. कोरडी पन्नी सडत नाही, तिला रोज गाडी कशाला? आठवड्यातला एक वार धरा, पण तो चुकवू नका. तालुक्यात प्लास्टिक केंद्राची सोय स्वच्छ भारतच्या त्याच टप्प्यात केली आहे, माल तिकडे पाठवा. आणि गाडीची वेळ ग्रामसभेत बायकांना विचारून ठरवा. बादली त्यांच्याच हातात असते.