साच्यातील न भरलेल्या जागा

चिरंजीव भाच्यास अनेक आशीर्वाद.

साच्यावरून एचटीएमएल दस्तऐवज तयार करण्याच्या कामात जो नव्याने पडतो, त्याने आरंभीच एक फरक ध्यानात घ्यावा. दुहेरी महिरपी कंसांतील खूण, जिला प्लेसहोल्डर म्हणतात आणि जी नंतर भरायच्या मजकुराची जागा राखते, ती तयार पानावर जशीच्या तशी उरली, तर बहुधा प्रोग्रामला ती सापडलेलीच नसते. तिच्या जागी काहीच उमटले नाही, तर खूण सापडलेली असते, पण त्या नावाची माहिती मिळालेली नसते. मस्टॅश, जिंजा यांसारखी साचे भरणारी टेम्प्लेट इंजिने एरवी अशा वेळी तक्रार न करता जागा कोरी सोडतात, आणि चिरंजीवाने भ्यायचेच तर या मुकेपणाला भ्यावे, कारण कंस दिसले तर ग्राहक निदान फोन करतो, नाव नसलेली पावती मात्र गुपचूप फाइलला लागते. जिंजातील ‘स्ट्रिक्टअनडिफाइंड’ ही सोय लावली की नाव न मिळताच काम थांबते व चूक कळते. ती पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

खूण वा तिच्या नावाची माहिती न सापडण्याचे कारण ब्राउझरच्या पडद्यावर शोधू नये, साचा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावा. सजावटीच्या एडिटरमध्ये कुणी अर्धीच खूण ठळक केली असेल, तर तिच्या पोटात टॅग शिरलेला आढळतो. याहून छुपा दोष देवनागरी नावांत असतो. ‘शेतकऱ्याचे_नाव’ या खुणेतील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रणालीत, एकाहून अधिक रीतींनी लिहिता येते. एक कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ देतो, तर दुसरा साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक आणि ‘य’. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण प्रोग्राम क्रमांक ताडून पाहतो, त्यामुळे साच्यातील नाव माहितीतील नावाशी जुळत नाही. समान रूपे एक करणारी नॉर्मलायझेशनची क्रिया ‘र’ व नुक्ता यांचा ‘ऱ’ करू शकते, जोडकाचे रूप मात्र तसेच राहू देते. म्हणून खुणांची नावे रोमन लिपीत ठेवावीत. त्यात मराठीचा काही अवमान होत नाही, कारण भरला जाणारा मजकूर मराठीच असतो.

एकच खूण साच्यात अनेकदा येऊन फक्त पहिलीच भरली गेली, तर कारण आणखी वेगळे असते: जावास्क्रिप्टमध्ये ‘रिप्लेस’ला साधी अक्षरमाला (स्ट्रिंग) दिली, तर ते फक्त पहिली खूण बदलते; सर्व बदलणारे ‘रिप्लेसऑल’ ईएस २०२१ या मानकात आले.

शेवटी अँपरसँडविषयी, म्हणजे & या चिन्हाविषयी. दुकानाच्या नावात ते असले आणि पानावर त्याच्यापुढे भलतीच रोमन अक्षरे उमटली, तर एस्केपिंग, म्हणजे एचटीएमएलमध्ये विशेष अर्थ असलेल्या चिन्हांचे निरुपद्रवी रूपांतर, बहुधा दोनदा झालेले असते. मस्टॅशमध्ये तिहेरी कंस लावले की एस्केपिंग बंद होते व पान नीट दिसते, म्हणून घाईतला माणूस तिथेच थांबतो. परंतु परक्याने भरलेल्या मजकुरातून स्क्रिप्ट शिरण्याची वाट त्यानेच मोकळी होते. चिरंजीवाने तिसरा कंस लावण्याआधी पहिले रूपांतर कुठे झाले ते हुडकावे आणि ते काढून टाकावे.

कळावे.