मोजपट्टी घेऊन बागेत

‘मुलांना खेळायला सर्वांत चांगली बाग कोणती?’ असे वर्गात विचारले तर उत्तरे चटकन येतात. आमच्या धरणगावची मुले जळगावच्या महात्मा गांधी उद्यानाचे नाहीतर भाऊंच्या उद्यानाचे नाव घेतात. मुंबई पाहून आलेला एखादा मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातील ‘म्हातारीचा बूट’ सांगतो, तर पुण्याला मामा असलेला विद्यार्थी पेशवे पार्कातील १९५६ साली सुरू झालेली फुलराणी सांगतो. पण ‘चांगली कशावरून?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. खेळणी पुष्कळ आहेत, रंग नवा आहे, बाहेर भेळ मिळते, एवढीच कारणे पुढे येतात.

पदार्थविज्ञान अशा वेळी एकच प्रश्न विचारते: तुम्ही काय मोजले? पुढच्या वेळी सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगावला जाल, तेव्हा पिशवीत पाच मीटरची मोजपट्टी, खडू, पट्टी, प्रयोगशाळेतील तापमापी आणि एक क्रिकेटचा चेंडू टाका. सेकंद मोजायला बरोबरच्या वडीलधाऱ्यांचा मोबाईल चालेल. धाकटी भावंडेही बरोबर हवीत, कारण खरा प्रयोग त्यांच्यावाचून अडेल.

सुरुवात झोक्यापासून करू. खानदेशातल्या मुलांना झोका शिकवावा लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात आणि कडुनिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. हा झाडाचा झोका आणि बागेतला साखळ्यांचा झोका यांत मोठा फरक आहे. तो डोळ्यांनी कळतो, पण घड्याळाने अधिक चांगला कळतो.

झोका हा एक लंबक आहे. त्याच्या एका हेलकाव्याला, म्हणजे जाऊन परत येण्याला, लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. तोंडी हिशेबाची युक्ती अशी की, लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. उत्तर जवळजवळ सेकंदांत मिळते. बागेतल्या २ मीटरच्या झोक्याला १० हेलकाव्यांसाठी सुमारे २८ सेकंद लागतील, तर झाडाच्या ५ मीटरच्या झोक्याला सुमारे ४५. लांबी मात्र वरच्या कडीपासून बसलेल्या मुलाच्या बेंबीपर्यंत मोजा, फळीपर्यंत नव्हे, कारण वस्तुमानाचा मध्य साधारण तिथे असतो.

आता धाकट्या बहिणीला बसवा, मग तिच्या दुप्पट वजनाच्या दादाला बसवा. वेळ जवळपास तोच येईल! वजनाचा या हिशेबात संबंध नाही. हे मुलांना सांगून पटत नाही, घड्याळ दाखवले की पटते. झोका फार उंच चढला तर मात्र आपली युक्ती थोडी चुकते. दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत गेलेल्या झोक्याला सुमारे ७ टक्के वेळ जास्त लागतो.

वजनाचा संबंध येतो तो साखळीशी. झोका ६० अंशांवरून खाली येतो, तेव्हा सर्वांत खालच्या बिंदूपाशी साखळ्यांवरचा ताण बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट होतो. पार ९० अंशांवरून आला तर तिप्पट! म्हणजे ३० किलोच्या मुलासाठी कडी आणि दोर ९० किलोंचा भार सहज पेलतील असे हवेत. आखाजीच्या झोक्यावर दोन मोठ्या बायका समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा फांदी निवडणाऱ्याने वजनांची नुसती बेरीज करून भागत नाही.

कोणी ढकलत नसताना उभ्या-उभ्या झोका चढतो कसा, हा प्रश्न मला फार आवडतो. झोका चढवणारी मुलगी काय करते ते नीट पाहा. ती दोन्ही टोकांना गुडघ्यांत वाकते आणि मधे, सर्वांत खाली, ताठ उभी होते. झोका ४५ अंशांपर्यंत जात असेल तर खालच्या बिंदूपाशी तिला स्वतःचे वजन सुमारे १.६ पट वाटते आणि टोकाला दोराच्या दिशेने ते ०.७ पटच उरते. म्हणजे जड असताना ती स्वतःला उचलते आणि हलकी असताना खाली सोडते. ४० किलोच्या मुलीने दर वेळी २० सेंटिमीटर चढउतार केला, तर उचलताना सुमारे १२४ ज्यूल खर्च होतात आणि वाकताना ५५ परत मिळतात. उरलेले जवळजवळ ७० ज्यूल झोक्यात जमा! हा कागदावरचा आदर्श हिशेब झाला. प्रत्यक्षात हवा आणि कड्यांचे घर्षण आपला वाटा घेतातच.

खेळण्यांतून असे विज्ञान दाखवायचे म्हणून मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांसाठी खास विज्ञान उद्यान उघडले. सहल नेता आली तर शिक्षकांनी ते जरूर दाखवावे. पण साधा सार्वजनिक झोकाही काही कमी शिकवत नाही, हे माझे मत आहे. सी-सॉवर आपण थांबत नाही, तरफेचा नियम तुम्हांला पाठच आहे. फिरत्या चक्रावर मात्र एकदा कडेला बसून सावकाश मध्याकडे सरका. चक्र आपोआप वेग घेईल. बसल्या जागी दांडा घट्ट धरायला विसरू नका.

आता घसरगुंडी. माझ्या मते बागेची परीक्षा खरी इथे होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक किलोवॉटच्या आसपास, म्हणजे विजेच्या इस्त्रीइतकी, उष्णता पडते. त्याच उन्हातले लाकडी बाक सोसवते आणि लोखंडी पत्रा सोसवत नाही, कारण पोलाद लाकडाच्या शंभर ते तीनशे पट चांगले उष्णतावाहक आहे. कातडीला लागताच पत्रा आजूबाजूची उष्णता तिथे आणून ओततो. ६० अंशांच्या धातूला काही सेकंद टेकलेली त्वचाही भाजते, आणि लहान मुलांची त्वचा तर पातळ असते. म्हणून तापमापीचा फुगा पत्र्यावर टेकवा, वर कापसाचा बोळा दाबा आणि दोन मिनिटांनी आकडा वाचा. धाकट्याला वर चढवायचे ते त्यानंतर.

बहुतेक ठिकाणी घसरगुंडी जागा मिळेल तशी बसवतात. तिची दिशा कोणी पाहत नाही. धरणगाव आणि जळगाव २१ अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी कुठलीही दिशा सारखीच. पण मुले येतात चारनंतर. चार वाजता सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो. घसरगुंडीचा उतार ३५ अंशांचा आणि पश्चिमेकडे असेल, तर किरण पत्र्यावर जवळजवळ काटकोनात पडतात. तीच घसरगुंडी फिरवून उतार पूर्वेकडे केला, तर किरण पत्र्याला चाटून जातात. दोन्हींवर पडणाऱ्या थेट उन्हाचे प्रमाण सुमारे दहास एक आहे! एक पैसा जास्त न खर्चता, नुसती बसवताना दिशा पाहून हा फरक पडतो. हवाच ४४ अंशांची असेल तर पत्राही त्याखाली जाणार नाही हे खरे. तरी ४४ चटका देत नाही, ६० देतो. शेजारी पश्चिमेला कडुनिंब असेल तर उत्तमच.

शेवटचे मोजमाप जमिनीचे. दोन मीटर उंचीवरून पडणाऱ्या मुलाचा खाली पोचतानाचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर असतो, मग खाली वाळू असो की फरशी. फरक पडतो तो थांबायला किती अंतर मिळते त्याने. हिशेब अगदी सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. भागाकार येईल तितक्या पट गुरुत्वत्वरणाएवढा हिसका शरीराला बसतो. वाळूने १० सेंटिमीटर जागा दिली तर २० पट. सिमेंटवर डोके अर्ध्या सेंटिमीटरात थांबले तर ४०० पट. कवटीला हा फरक फार मोठा आहे.

१८८५ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, बर्लिनमधल्या बागांचे पाहून, गरीब वस्तीतील मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले आणि तिथून त्या देशातल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात झाली. आरंभी बागेत वाळूच होती, पाळणे-झोके नंतर आले. आपण झोके आणतो, त्यांच्याखाली फरशी घालतो आणि वाळू बांधकामाला नेतो.

झोक्याखाली, घसरगुंडीच्या पायथ्याशी आणि शिडीखाली, कोणी खेळत नसताना, चेंडू १ मीटरवरून सोडा. पडलेल्या खड्ड्याची खोली पट्टीने मोजा. खड्डा ४ सेंटिमीटर असेल तर भागाकार २५ येईल, १ सेंटिमीटर असेल तर १००. चेंडू म्हणजे डोके नव्हे, म्हणून हे आकडे जागा-जागांची तुलना करण्यापुरतेच वापरा. सिमेंटवर खड्डा पडणारच नाही, मग भागायचे कशाने? वहीत तेवढी चौकट रिकामी सोडा.

शिक्षकांना एक विनंती: वेगवेगळ्या बागांची मोजमापे मुलांना एकाच तक्त्यात भरू द्या आणि तक्त्याची एक प्रत नगरपालिकेच्या कार्यालयात देऊन या. हेच मोजमाप ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावे. पावसाने आणि पायांनी वाळू दबून घट्ट होते, आणि मेमध्ये आलेला २५ चा आकडा तेव्हा किती होतो ते मुलांनाच मोजू द्या.