वास आला, पण एमसीबी का पडला नाही?

इलेक्ट्रिकलच्या मुलाला सुट्टीत घरी गेल्यावर एक ड्युटी ठरलेली असते. मिक्सर बघ, पंखा बघ, इस्त्री बघ! दिवाळीत धाराशिवला मामांकडे गेलो, तर पाळी व्हॅक्यूम क्लीनरची होती. दहा मिनिटं चालला की जळका वास यायचा आणि आपोआप बंद पडायचा. पाऊण तासाने पुन्हा चालू. मामांचा प्रश्न मात्र व्हायव्हात विचारावा असा होता : "वास येतोय म्हंजी मोटरीवर लोड आलाय. मग एमसीबी का पडंना?"

या मशीनमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. आपल्या ५० हर्ट्झ सप्लायवर इंडक्शन मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊ शकत नाही. युनिव्हर्सल मोटर २०,००० च्याही पुढे जाते, म्हणून लहान आकारात एवढी ओढ मिळते. बहुतेक घरगुती मशीनमध्ये पंख्याने ओढलेली हवा पिशवी आणि फिल्टरमधून गाळली जाऊन मोटरवरूनच बाहेर पडते. म्हणजे धूळ ओढणारी हवा हीच मोटर थंड ठेवणारी हवा.

आता पिशवी चोंदली तर? आपल्याला वाटतं, लोड वाढेल. घडतं उलटंच. पंख्याला ढकलायला हवाच कमी मिळते, त्यामुळे लोड हलका होतो, वेग वाढतो (आवाज चढतो तो यामुळेच) आणि करंट कमी होतो. म्हणून एमसीबी गप्प बसतो. इकडे थंड हवा बंद झाल्याने वाइंडिंग तापत जाते. हे ओळखतो फक्त मोटरजवळचा थर्मल कटआउट. तो तापमान वाढलं की सर्किट तोडतो, थंड झालं की जोडतो.

गावातल्या एका मेकॅनिकने मामांना सुचवलं होतं, "कटआउट डायरेक्ट करून टाकू, मग बंदच पडायचं नाही." खरंय, बंद पडलं नसतं. वाइंडिंगचं इन्सुलेशन जळालं असतं, आणि आत कोरडी धूळ असताना आग लागायला कितीसा वेळ!

प्लग काढून मशीन उघडलं. पिशवी निम्मी रिकामी होती. पण रंगकामाच्या वेळी घासलेल्या पुट्टीची भुकटी कापडाच्या छिद्राछिद्रांत बसली होती. अंगणात पिशवी झटकून ब्रशने साफ केली, फिल्टर धुऊन पूर्ण दिवसभर वाळवला. नंतर मशीन अर्धा तास चाललं, वास नाही. पुट्टी, सिमेंट, राख अशी बारीक भुकटी घरगुती मशीनने ओढूच नये. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळही तशीच बारीक, तेव्हा पिशवी भरायची वाट न बघता साफ करावी.

वासावरून निदान असं करता येतं :

१) धूळ-केस जळाल्यासारखा : पिशवी, फिल्टर, पाइप बघा. पाइपमधून नाणं सोडा. अडकलं तर बोळा आहे.
२) रबराचा : फिरता ब्रश असलेल्या मशीनमध्ये बेल्ट घसरतोय. ब्रशला गुंडाळलेले केस-दोरे कापून काढा.
३) उग्र वास आणि मोठ्या ठिणग्या : कार्बन ब्रश झिजलेत किंवा कम्युटेटर खराब आहे. नवीन ब्रश बसवल्यावर थोडा वेळ हलका वास येतो, त्याला घाबरू नये.
४) वॉर्निशचा : वाइंडिंग जळतंय. मशीन पुन्हा लावू नका.
५) प्लास्टिकचा, प्लगजवळ : संपर्क सैल आहे. १४०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ६ अँपिअरच्या वर करंट. त्याला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा, हॉस्टेलवरचा साधा एक्स्टेन्शन बोर्ड नको.

हेच तत्त्व गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपला आणि जाळी चोंदलेल्या हेअर ड्रायरलाही लागू आहे. एमसीबी वायरिंगची राखण करतो, प्रत्येक यंत्राच्या आतल्या उष्णतेची नाही. म्हणून वास आला की आधी प्लग काढा, थियरी नंतर आठवा. आणि कटआउट कुणी कितीही स्वस्तात 'डायरेक्ट' करून देत असला, तरी करून घेऊ नका.