संगणकात रॅमची पट्टी बसविताना

शाळेत संगणक एकच असला आणि तोच बंद पडला, तर सर्व वर्गांचा खोळंबा होतो. डोळखांबसारख्या डोंगराळ भागातून तो दुरुस्तीस शहापुरास न्यावयाचा म्हणजे शिक्षकाचा अख्खा दिवस खर्ची पडतो. म्हणून रॅमची नवी पट्टी बसविल्यावर पडदा काळाच राहिला, तरी यंत्र बिघडले असे एकदम मानू नये.

प्रथम वीज बंद करून तार काढावी व पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. अंगावरील स्थिर विद्युत् पट्टीस घातक असते. मग पट्टीची जात पाहावी. अगदी लहान आकाराच्या संगणकात बहुधा आखूड पट्टी लागते. तिच्या डीडीआर-३ जातीस २०४, तर डीडीआर-४ जातीस २६० टोके असून मधल्या खाचेची जागाही निराळी असते. न बसणारी पट्टी बळाने दाबणे हा शुद्ध अविचार होय!

जात योग्य असेल, तर सोनेरी टोके स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसून पट्टी पुन्हा बसवावी. पावसाळ्यातील दमट हवेने धरलेली मळी हेच पुष्कळदा कारण निघते. तरीही न चालल्यास जुनी पट्टी एकटी लावून पाहावी, नंतर त्याच खोबणीत नवी. जुनीवर यंत्र चालले आणि नवीवर अडले, तर पट्टी सदोष अथवा त्या यंत्रास न मानवणारी समजावी. दोन्ही एकेकट्या चालल्या, तर दुसरी खोबण तपासावी.

८ जीबी बसवूनही ४ जीबीच्या आतच उपयोगात येते, तेव्हा पट्टी परत करण्याची घाई नको. ३२-बिट कार्यप्रणालीस सामान्यतः तेवढीच वापरता येते.