बोल्ट बसेना म्हणून कानस घेऊ नका

रायपुरात राहून 'बाहा' या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधायची म्हटलं की सगळे सांगतात, लोखंडाची काळजी नको. उरला-सिलतराच्या औद्योगिक वसाहती आहेत, शेजारी भिलाई आहे. लोखंडाचं खरं आहे. पण ते कापणारा, जोडणारा माणूस कसा निघेल, हे कोणी सांगत नाही. आम्हाला जो भेटला, त्याच्यामुळे आमच्या टीमचा अख्खा हंगाम वाया जाता जाता राहिला. पुढच्या पोरांनी तरी त्या फेऱ्यात सापडू नये म्हणून हे लिहितो आहे. आणि मनातून ते अजून गेलेलं नाही म्हणूनही.

आमच्याकडे फक्त फ्रेम नवी हवी होती. बाकी सगळा ऐवज आदल्या वर्षीच्या गाडीचा, शाबूत होता: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं इंजिन, त्याला ॲडॅप्टर प्लेटने जोडलेला महिंद्रा अल्फाचा गिअरबॉक्स, आखूड केलेला मारुती ८०० चा स्टिअरिंग रॅक, हब, ब्रेक, शॉकअप. हे सामान पिथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी ट्रॅकवर एकदा पळून आलेलं होतं. त्यामुळे ड्रॉइंग काढताना आम्ही सुट्या भागांवरूनच मापं घेतली, प्रत्येक भोकाचं अंतर एकाच रेषेपासून दिलं, आणि पानावर त्या फॅब्रिकेटरची सही घेतली. तो म्हणाला होता, "रेसिंग का ही काम है अपना, भैया." आगाऊ रक्कम घेतली, वेल्ड करताना फ्रेम आवळून धरणाऱ्या जिगचे पैसे वेगळे घेतले.

फ्रेम तयार झाल्याचा फोन आला तेव्हा ती रंगवूनच ठेवली होती. रंग नको, असं आम्ही दोनदा सांगितलं होतं. चकाचक काळा रंग. त्या रंगाखाली कुठला जोड कसा आहे, ते दिसायला मार्ग नव्हता.

इंजिन आणि गिअरबॉक्स चेन-पुलीने खाली उतरवले. डावीकडचे बोल्ट बोटाने आत गेले. उजवीकडे ब्रॅकेटच्या भोकातून पाहिलं तर इंजिनच्या तळाचं भोक चंद्रकोरीएवढंच दिसत होतं. मी पाना खाली ठेवला. फॅब्रिकेटरने शांतपणे गोल कानस उचलली आणि म्हणाला, "दो सूत का फरक है, होल ओवल कर दो, बैठ जाएगा." दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. ज्या जागी इंजिनचा सगळा हादरा येणार, तिथलं भोक लांबट केलं की बोल्ट कितीही आवळा, तो घसरणारच. मी नको म्हणालो. तेव्हा त्याने आमच्यासमोरच कॉलेजातल्या आमच्या सरांना फोन लावला आणि सांगितलं, "बच्चों का पुराना माल है सर, रेस में टेढ़ा हो गया होगा."

हे वाक्य मला आजही झोंबतं. काम त्याचं चुकलं आणि वाकडे ठरले आमचे पार्ट! सरांनाही क्षणभर ते पटलं असावं, कारण त्यांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही नीट तपासलंत ना?"

जुनी फ्रेम आम्ही भंगारात घातली नव्हती, म्हणून वाचलो. तोच इंजिन-गिअरबॉक्सचा जोड उचलून तिच्यावर ठेवला. सगळे बोल्ट हाताने फिरले, हातोडी नाही, कानस नाही. सरांना तिथेच बोलावून दाखवलं. म्हणून सगळ्यांत आधी हे सांगतो: नवी फ्रेम पूर्ण जुळेपर्यंत जुनी विकू नका, कापू नका, कोणाला देऊ नका. भांडणाच्या वेळी तीच तुमचा गेज असते.

तात्यापाऱ्यातले एक काका भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, फिटर. ते ओळंबा आणि खडू घेऊन आले. फ्रेम चार ठोकळ्यांवर ठेवली, पाणसळ लावली, ए-आर्मच्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण केली. मग फ्रेम बाजूला सारली आणि खुणांमधले कर्ण टेपने मोजले. "फ्रेमकडे बघू नकोस, जमिनीकडे बघ," म्हणाले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा लांब. उजवी मागची बाजू सगळीच पुढे ओढलेली. कारण त्यांनी पाहताक्षणी सांगितलं: एका बाजूचे सगळे जोड सलग भरले, फ्रेम न बांधता. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि नळी ओढतो. समोरासमोरचे जोड आलटून पालटून भरले असते, फ्रेम जिगवर आवळलेली असती, तर हे झालं नसतं.

जिग? जिगचे पैसे तर आम्ही दिले होते. त्याच्या शेडमध्ये शोधली तर ती एका लोखंडी फाटकाखाली पडलेली, दोन पाय कापलेले. ते पाय फाटकाला लागले होते. विचारलं तर म्हणाला, "टॅक तक तो जिग पे ही था."

तेव्हा टाके मारलेल्या अवस्थेतच फ्रेम बघायला जा. पूर्ण वेल्ड होऊ देऊ नका. कर्ण मोजा, मगच भरायला सांगा, आणि भरताना कोणीतरी तिथे बसा. इंजिन, गिअरबॉक्स, रॅक, शॉकअप यांचे ब्रॅकेट फॅब्रिकेटरकडून जोडून घेऊच नका. सुटे कापून आणा आणि प्रत्यक्ष सामान बोल्टवर टांगून, जागेवर टाके मारा. रंग सगळ्यात शेवटी.

नळीचीही खात्री करून घ्या. बाहाच्या नियमपुस्तिकेत मुख्य नळ्यांसाठी मूळ माप आहे २५.४ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन. कार्बनसाठी टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि तुकडा प्रयोगशाळेत द्या. जाडी मात्र किराणा दुकानातही तपासता येते. या नळीचा एक मीटरचा तुकडा सुमारे १ किलो ६६० ग्रॅम भरतो. जाडी अडीच मिलिमीटर असेल तर वजन १ किलो ४०० च्या आसपास येतं. काट्यावर ठेवा, लगेच कळतं.

मागची बाजू शेवटी आम्ही फायरवॉलच्या मागून कापून पुन्हा बांधली, दुसऱ्या माणसाकडून. तेव्हा शिकलेलं असं: ड्राइव्हशाफ्ट लावल्यावर शॉकअप काढा आणि चाक हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली न्या. शाफ्टवर खडूने रेघ मारली की सांधा किती आत-बाहेर सरकतो ते दिसतं. चाक खाली लोंबत असताना सांधा कपाच्या तोंडाशी येत असेल तर पहिल्याच उडीत तो निसटेल. पुढच्या चाकांनाही तसंच करून बघा. चाक वर-खाली होताना त्याचं तोंड वळत असेल तर रॅकची उंची चुकली आहे. जुना रॅक नव्या फ्रेमवर 'साधारण तिथेच' बसवला की हे हटकून होतं. टायरॉडचा आतला सांधा ए-आर्मच्या आतल्या सांध्यांशी जुळला पाहिजे, त्याला पर्याय नाही.

ड्रायव्हरला हेल्मेटसह बसवून पाहिल्याशिवाय वरच्या नळ्या पक्क्या करू नका. हेल्मेटला १५२ आणि अंगाला ७६ मिलिमीटर जागा लागते, आणि तपासनीस ती मोजतात. रोलकेजला वाटेल तिथे भोक पाडू नका. ब्रेक चारही चाकं एकदम लॉक करतात का, ते इथल्याच मातीत बघून घ्या.

बाकी नेहमीचं: पावत्या ठेवा, फोटो काढा, बोलणं लेखी ठेवा. आमच्याकडे सही असलेलं ड्रॉइंग होतं म्हणून सरांसमोर मान वर करून उभे राहिलो. त्या माणसाला मात्र त्या सहीचं काहीच वाटलं नाही. 'मैंने तो देखा भी नहीं था' एवढं बोलून मोकळा.

पैशांबद्दल एवढंच सांगतो, आगाऊ रक्कम साहित्यापुरती द्या. उरलेले हप्ते जोडा टप्प्यांना: टाके आणि कर्ण तपासून झाल्यावर एक, वेल्ड झाल्यावर कर्ण पुन्हा तपासून दुसरा, आणि इंजिनचे सगळे बोल्ट हाताने बसल्यावर शेवटचा. जिगचे पैसे देणार असाल तर जिग तुमची, काम संपताच ती उचलून वर्कशॉपमध्ये आणा. आमच्या जिगचे पैसे त्याने अजून परत केलेले नाहीत.