छडी, उठाबशा आणि आपल्या लेकरांचे आरोग्य

वस्तीतील आरोग्य तपासणीत तिसरीतला एक मुलगा आमच्यासमोर बसला. एका कानाने नीट ऐकू येत नव्हते. आई म्हणाली, "गुरुजींनी एक ठेवून दिली होती. पण ताई, चूक ह्याचीच होती."

कानशिलात बसलेल्या एका चापटीने कानाचा पडदा फाटू शकतो. हे आईला माहीत नव्हते आणि गुरुजींनाही कुणी सांगितले नव्हते. म्हणून आजचा धडा दोघांसाठी.

शिक्षा म्हणजे फक्त छडी नव्हे. लघवीला न सोडल्याने लघवीच्या जागेत जंतुसंसर्ग होतो. उन्हात उभे केल्याने चक्कर येते. विदर्भात, आपल्या समाजातही, सिकलसेल बराच आढळतो. अशा मुलाला खूप उठाबशा काढायला लावल्या, पाणी पिऊ दिले नाही, तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. आपल्या लेकराला सिकलसेल असेल तर वर्गशिक्षकांना आधीच भेटून सांगा.

मनावरचा मार दिसत नाही. सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखणे, झोपेत अंथरूण ओले होणे, पुस्तक फाडणे ही त्याची लक्षणे असू शकतात. जातीवरून टोमणा मारणे, वेगळे बसवणे हीसुद्धा हिंसाच. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई नसला की तहानलेले राहावे लागले, हे आपण विसरलो नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण कायदा भिंतीवर लावून हात थांबत नाही. साठ लेकरांचा वर्ग न मारता कसा सांभाळायचा, हे शिक्षकांना शिकवावे लागते.

वाशिम हा राज्यातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अशा जिल्ह्यांना प्राधान्य मिळाले. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे असते. अकरा विषयांपैकी एक हिंसेपासून सुरक्षिततेचा आहे. पण सुरुवात सहावीच्या पुढच्या वर्गांपासून झाली. मार तर पहिलीपासून बसतो! म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिली ते पाचवीच्या शिक्षकांनाही हे तीन धडे मिळावेत, अशी आमची मागणी आहे:

१. कोणत्या शिक्षेने शरीराला काय इजा होते.
२. खोडकर, मागे पडणाऱ्या मुलाचे आधी कारण शोधणे. तो उपाशी आहे का, त्याला फळा दिसतो का, ऐकू येते का?
३. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितले तर शांतपणे ऐकणे, विश्वास ठेवणे. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रकरण दाबणे हा गुन्हा आहे.

आता आपले काम. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. आयाबहिणींनो, नुसती सही करून परत येऊ नका. शिक्षकांना वैरी समजू नका, पण प्रशिक्षणाचा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. गरज पडल्यास १०९८ वर फोन करा.

आणि "गुरुजी, दोन फटके जास्त द्या, पण पोराला शिकवा" हे वाक्य आजपासून बंद करू या. घरातली काठीही खाली ठेवू या. मार खाऊन शिकलेले लेकरू पुढे दुसऱ्याला मारायलाच शिकते.