रॉकेलवरचे विमान : टर्बोप्रॉप इंजिनाचा एक अभ्यास
(बी. ए. भाग २)

विमानाचा आणि कला शाखेचा संबंध काय, असे मथळा पाहून कोणी विचारील. गेल्या वर्षी एका मार्गदर्शन मेळाव्यात हा प्रश्न मला प्रत्यक्षच ऐकावा लागला. विमानक्षेत्राची माहिती देणाऱ्या टेबलापाशी मी उभी राहिले. तेथील गृहस्थांनी शाखा विचारली, आणि मी "कला" म्हणताच पुढे केलेले माहितीपत्रक त्यांनी पुन्हा गठ्ठ्यावर ठेवले. "तुम्हाला त्यातले काही कळायचे नाही," असे ते म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, हे मुद्दाम सांगते. राग मला आला. तो अजून पुरता गेलेला नाही, आणि प्रस्तुत लेख त्यातूनच निघाला आहे.

आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मीच पहिली. परंतु यंत्र आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मंगरूळपीर तालुक्यातील आमच्या गावी बाबा विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करतात, आणि सोयाबीनच्या सुगीत आजूबाजूच्या खेड्यांतले हडंबे. नोझल साफ करणे, पट्टा ताणणे, गव्हर्नर बसविणे ही कामे मी लहानपणापासून कंदील, आणि पुढे मोबाइलचा उजेड, धरून पाहिली आहेत. तेव्हा मी असे ठरविले की, एका विमानाचे इंजिन आपण समजून घ्यायचे आणि ते बाबांना मराठीत समजावून सांगायचे. त्यांना पटले तर कळले असे धरायचे.

विमान निवडले ते एका इंजिनाचे टर्बोप्रॉप. पुढे पंखा आणि आत झोताचे इंजिन, असा हा मिश्र प्रकार. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचे जे विमान येऊ लागले ते एटीआर ७२, म्हणजे याच जातीचे, मात्र दोन इंजिनांचे. एका इंजिनाचे आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण नाशिकजवळ ओझरला सापडते. तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालचा. मिग विमाने आणि त्यानंतर सुखोई तेथेच बांधली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची दुसरी फळी सुरू झाली. हे विमान प्रथम ३१ मे २०१६ रोजी बंगळुरूला उडाले, आणि मार्च २०२३ मध्ये हवाई दलाने अशा ७० विमानांचा करार केला. त्यापूर्वी नवशिक्या वैमानिकांना एचपीटी-३२ हे साधे पिस्टनचे विमान देत. २००९ मधील अपघातानंतर ते जमिनीवर बसविण्यात आले, आणि २०१२ साली ७५ स्विस पिलाटस विमाने मागवावी लागली. पिलाटसही टर्बोप्रॉपच.

अभ्यासासाठी मी आणखी साधे विमान धरले : सेसना कॅरव्हॅन. माणसे आणि माल वाहणारे, चाके सदैव बाहेर असलेले हे विमान. त्याचे वैमानिकासाठीचे माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला दिवाळीपासून संक्रांत उजाडली. त्यातले इंजिन कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे पीटी-६. या घराण्याचा जन्म १९६० च्या आसपासचा, आणि जगातल्या लहान टर्बोप्रॉप विमानांत ते आजही सर्वत्र दिसते. कॅरव्हॅनमधले इंजिन ६७५ अश्वशक्तीचे, वजन सुमारे १६० किलो. आमच्या विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे जुने इंजिन हलवायला चार माणसे लागतात. हा आकडा ऐकून बाबांनी हातातला पाना खाली ठेवला.

एवढी शक्ती एवढ्याशा लोखंडात कशी, हा पहिला प्रश्न. आपल्या डिझेल इंजिनात चार कामे एकाच नळकांड्यात एकामागून एक होतात : हवा ओढणे, दाबणे, जाळणे, बाहेर फेकणे. चारांपैकी एकाच फेरीत जोर मिळतो, बाकीच्या तीन फेऱ्या तयारीच्या. टर्बाइनमध्येही कामे हीच, पण प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे आणि चारही सतत चालू आहेत. म्हणून जोर खंडित होत नाही, आणि दट्ट्या मागेपुढे मारण्यात शक्ती वाया जात नाही.

पीटी-६ मध्ये हवा मागच्या बाजूने शिरते आणि पुढे, पंख्याकडे जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे उलटेच वाटेल. प्रथम तीन फिरती पात्यांची चक्रे आणि नंतर हवा बाहेरच्या बाजूला भिरकावणारे एक चक्र मिळून तिला दाबतात. याला कॉम्प्रेसर म्हणतात. आमच्या एका प्राध्यापकांनी 'संपीडक' हा शब्द सुचविला. शब्द चांगला आहे, पण बाबांचा कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडचा, आणि तेवढ्या ओळखीवर पुढचे सारे त्यांना उमगले; म्हणून मी तोच ठेवते. दाबलेली हवा कड्यासारख्या भट्टीत जाते, तेथे १४ नोझलांतून इंधन फवारले जाते. हे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच, आजीच्या वेळी रेशनवर मिळे त्याच कुळातले. हवेचा साधारण चौथा हिस्सा जळण्यासाठी वापरला जातो, बाकीची हवा भट्टीच्या भिंती आणि पुढची पाती गार ठेवते. नाहीतर धातू टिकणार नाही.

तापलेला वायू जोराने निघतो आणि पहिल्या टर्बाइनला फिरवतो. ही टर्बाइन मागच्या कॉम्प्रेसरशी एकाच दांड्याने जोडलेली, म्हणजे इंजिन स्वतःची हवा स्वतःच ओढत राहते. या जोडीचा पूर्ण वेग मिनिटाला ३७,५०० फेरे. उरलेला वायू दुसऱ्या टर्बाइनवर आदळतो, आणि पंखा फिरतो तो या दुसरीमुळे. गंमत अशी की, या दोन टर्बाइन एकमेकींना कोठेही जोडलेल्या नाहीत. मध्ये दांडा नाही, दाता नाही, पट्टा नाही. आहे तो केवळ वायू. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर दुसरा आपोआप फिरू लागतो, तसे. म्हणून हे इंजिन बंद असताना पुढचा पंखा हाताने सहज फिरतो.

दुसरी टर्बाइन मिनिटाला सुमारे ३३,००० फेरे घेते, पंखा मात्र १,९०० च. मध्ये दातेरी चाकांची पेटी आहे, ती वेग सतरा पटींहून अधिक उतरवते. का उतरवायचा? येथे मी आठवीचे गणित केले. पंख्याचा व्यास सुमारे २.७ मीटर, परीघ साडेआठ मीटरच्या जवळपास. १,९०० फेऱ्यांना पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २६८ मीटर जाते. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास. टोक त्याच्या पलीकडे गेले की पाते हवा नीट कापत नाही, नुसता गोंगाट करते आणि शक्ती खाते. ३३,००० फेऱ्यांनी पंखा थेट फिरवला असता तर टोक ध्वनीच्या तेरा पटींहून अधिक वेगाने गेले असते! गणिताची वही मिटल्यावर मला त्या मेळाव्यातले टेबल आठवले, हे कबूल करते.

आता पंख्याविषयी. माझ्या मते या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग तो आहे. पंख्याची पाती बुंध्यात पक्की बसविलेली नाहीत. ती आपल्या आसावर वळतात. पाते सपाट वळवले तर प्रत्येक फेऱ्यात हवेचा थोडा घास घेते, तिरपे वळवले तर मोठा. नांगर जास्त खोल लावला की बैल मंद होतात, वर घेतला की भरभर चालतात, तसेच हे. घास मोठा झाला की पंखा मंदावतो, लहान झाला की वेग घेतो. कोन किती ठेवायचा हे ठरविणारा भाग म्हणजे गव्हर्नर, आणि तो हुबेहूब बाबांच्या डिझेल इंजिनातल्यासारखा आहे. वेगाने फिरली की बाहेर फाकणारी दोन वजने, आणि त्यांना आत दाबणारी एक स्प्रिंग. डिझेल इंजिनात वजने फाकली की इंधन कमी होते. येथे ती फाकली की एक झडप सरकते, पंख्याच्या बुंध्यातले तेल बाहेर येते, पाती तिरपी होतात आणि वेग १,९०० वर परत येतो. "गव्हर्नर म्हंजे इंजिनचा कारभारी," असे बाबा नेहमी म्हणतात. कारभारी तोच, फक्त येथे त्याने कोठाराऐवजी नांगराची खोली हाती घेतली आहे.

"आन् तेलच गेलं तं?" बाबांनी लगेच विचारले. पुस्तक उघडून मला दोन दिवस डोके घालावे लागले. पाती सपाट करण्यासाठी तेलाचा दाब लागतो. उलट दिशेने त्यांना एक दणकट स्प्रिंग आणि पात्यांना लावलेली वजने ओढत असतात. दाब गेला की स्प्रिंग जिंकते आणि पाती वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात. अशी पाती हवेला अडवत नाहीत. म्हणजे बिघाड झाला तरी पंखा विमानाला मागे खेचणार नाही अशा बाजूनेच बिघडावा, ही योजना आधीच करून ठेवलेली आहे. उतरल्यावर वैमानिक याच पात्यांना पलीकडच्या कोनात नेऊन हवा पुढे फेकू शकतो, त्यामुळे विमान थोड्या जागेत थांबते.

एचटीटी-४० चे इंजिन याहून वेगळे, हनीवेल कंपनीचे टीपीई-३३१. त्यात वायूची फट नाही; कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि पंख्याची दातेरी पेटी एकाच दांड्यावर. शक्तीचा दांडा पुढे करताच ते चटकन प्रतिसाद देते, परंतु जमिनीवरही फार वेगाने फिरत असल्याने कर्कश ओरडते. ते हवेत बंद पडले तर वाऱ्याने फिरणारा पंखा सारे इंजिन ओढत बसेल. म्हणून उलटा जोर जाणवताच पाती आपोआप तिरपी करणारी सोय त्यात ठेवली आहे.

सुरू करण्याची रीत थोडक्यात सांगते. बॅटरी २४ व्होल्टची. ती प्रथम कॉम्प्रेसरला फिरवते. वेग पूर्ण वेगाच्या १२ टक्क्यांवर स्थिर झाला, की मगच इंधन सोडायचे. भडका होतो, उष्णतेचा काटा झपाट्याने चढतो, आणि वैमानिकाची नजर त्याच काट्यावर असते. सुरू करतानाची मर्यादा १,०९० अंश सेल्सिअस, तीही दोन सेकंदांपुरती. काटा थांबेनासा वाटला तर इंधन तोडायचे. ५२ टक्क्यांना इंजिन स्वतःच्या दमावर चालू लागते. बॅटरी उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर रखडतो, हवा कमी पडते, इंधन मात्र तेवढेच येते, आणि काही सेकंदांत टर्बाइनची पाती जळून जातात. बाबा एवढेच म्हणाले, "उतरल्या ब्याटरीवर ट्रॅक्टरले शेल मारूच नये, हे म्या किती जणायले सांगतलं."

धुळीचा प्रश्न मात्र त्यांनी नव्हे, आईने काढला. हडंब्याजवळ उभे राहिलेल्या माणसाला तो सुचणारच. कॅरव्हॅनच्या हवेच्या वाटेत एक फळी आहे. धुळीच्या किंवा बर्फाच्या जागी ती वळवली की आत येणाऱ्या हवेला एकदम वळण घ्यावे लागते. हवा हलकी, ती वळते. माती आणि खडे जड, ते सरळ जाऊन बाहेर पडतात. उपणताना वारा भुसा नेतो आणि दाणा जागेवर पडतो, त्याच न्यायाने. यात थोडी शक्ती कमी होते, म्हणून गरज नसताना फळी वळवत नाहीत.

शाखेविषयी दोन शब्द. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र असावे, असा नियम अनेक वर्षे चालत आला. तो शिथिल करावा अशी चर्चा २०२५ साली वृत्तपत्रांतून आली. ज्यांचे हे विषय झालेले नाहीत त्यांना ते मुक्त विद्यालयातून देता येतात. हवाई दलाच्या उड्डाण शाखेलाही पदवी कोणत्याही शाखेची चालते, अट बारावीच्या या दोन विषयांचीच. परवान्याचा खर्च आमच्या घराच्या आवाक्यातला नाही, हे मला ठाऊक आहे. पण भौतिकशास्त्राचे पुस्तक मी आणले आहे, आणि गव्हर्नरची वजने का फाकतात ते त्यात निघाले. प्रकरण अर्धे झाले आहे.

शेवटचा प्रश्न बाबांनी जेवताना विचारला. "येकच इंजिन, आन् वर असतानी थे बंद पडलं तं?" मी सांगितले की विमान दगडासारखे पडत नाही. पाती धारेवर आणली की कॅरव्हॅन हजार फूट खाली येईपर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटर पुढे जाते. दहा हजार फुटांवर असले तर पस्तीस किलोमीटरच्या आत सपाट जागा शोधायची. बाबांनी घास हातातच ठेवून मनाशी अंतर मोजले. मग म्हणाले, "म्हंजे मंगरूळच्या वर बंद पडलं तं वाशीमलोक येते."